पाव आट्याहून कमी

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार. सुपीरियर सरोवराकडून
वारा फिरला, आणि पेन्टी कुंपणावरून म्हणाला,
आज रात्री थंडर बेमध्ये पाण्याचा दगड होईल.

मागच्या भिंतीतला नळ जूनपासून ठिबकतोय.
आधी छोटी बादली ठेवली, मग मोठी.
मग दर रविवारी त्याची मुंडी अशी पिळली
की सूज माझ्या मनगटाला, आणि नळ जसाच्या तसा.
ऑगस्टमध्ये वायसर आणला. माप चुकलं.
सप्टेंबरमध्ये, म्हटलं, आता उन्हाळा संपलाच की.

पण उघड्या भिंतीत पाणी गोठलं तर पाइप फाटतो,
आणि फाटल्याचं कळतं ते एप्रिलमध्ये.
तेव्हा आतली चावी बंद करायची.
आतली चावी कुठे आहे?
घर विकणाऱ्याने भट्टी दाखवली, फ्यूज दाखवले,
सौनातल्या फळ्या स्वतः ठोकल्या म्हणून
दोनदा दाखवल्या. चावी नाही दाखवली.

पेन्टी एक्क्याऐंशीचा. कागद गिरणीत
चाळीस वर्षं पाइप जोडले त्याने,
आता गुडघे जिना उतरू देत नाहीत.
तो बाहेर पालथ्या बादलीवर बसला
आणि पान्याने भिंत ठोकत सरकला.
मी आतून कान लावून. टक, टक, टक,
आणि एका जागी टण.
अर्थात सौनाच्या फळ्यांमागे.

तीन फळ्या काढल्या. चौथी फुटली.
कोळिष्टकात एक हिरवी पडलेली पितळी चावी,
अकरा हिवाळे कुणी हात न लावलेली,
आणि कोरडी. अगदी कोरडी.
मी फिरवली.

बाहेरचं ठिबकणं मंदावलं,
आणि आतली रडायला लागली.
दांड्यापाशी एक थेंब, मग दुसरा,
मग माझ्या बाहीतून कोपरापर्यंत.
"पेन्टी! ही चांगली होती! मीच बिघडवली!"

तळघराच्या खिडकीत फक्त त्याचे बूट दिसतात.
बूट शांत होते.
"चांगली नव्हती," बूट म्हणाले,
"तिला कुणी काम सांगितलं नव्हतं.
मुठीखालचा नट बघ. उजवीकडे.
पाव आट्याहून कमी. ताकद नको लावू, इर्या,
तुला राग आलाय, तो पान्यात जातोय."

मी पाना सोडला. श्वास घेतला. पुन्हा धरला.
नट जेमतेम हलला, झोपेत कूस बदलावी तसा.
थेंब आला, लोंबला, पडला नाही.

"बाहेर अजून येतंय," बूट म्हणाले.
"बैठकीवर कण अडकला असेल. उघड. बंद कर.
पुन्हा उघड." चार वेळा. पाचव्या वेळी
गढूळ काहीतरी खळखळून गेलं
आणि बाहेर, म्हणे, शेवटचा थेंब
त्याने बोटावर झेलला. थंड होता, म्हणाला.

मग चावीच्या बाजूची छोटी टोपी सैल केली,
खाली कॉफीचा डबा. अडकलेलं पाणी
घुटक्या घुटक्याने उतरलं.
बाहेरचा नळ उघडाच ठेवायचा हिवाळाभर,
हे मला उलटं वाटतं अजून:
घर वाचवायला एक तोंड उघडं.

रात्री उणे नऊ. मी दोनदा खाली गेले,
टॉर्च घेऊन, पायमोज्यांत.
फळ्या परत लावल्या नाहीत. लावणारही नाही.
दांड्यावर हात फिरवला की बोट ओलं होतं,
नाही होत, होतं, सांगता येत नाही,
कारण माझेच हात गार.
रिकामा केलेला डबा दांड्याखाली ठेवला.

सकाळी पेन्टीने कुंपणावरून विचारलं, किती?
मी डबा वाकडा करून दाखवला.
चमचाभर.
त्याने बराच वेळ पाहिलं, जणू मोजतोय.
"वसंतापर्यंत चालेल," म्हणाला,
आणि मग, आत जाता जाता,
"माझी चावी बघशील का एकदा?
नऊ वर्षांत खाली गेलो नाही मी."